वाळ्याचे ठोंब: गोव्याच्या उतारासाठी घेतलेल्या मालाचे परीक्षण

मे महिन्याच्या अखेरीस गोव्यातल्या रोपवाटिकांत माड-पोफळीची रोपे आणि काजूची कलमे यांच्या शेजारी आता वाळ्याचे ठोंबही विक्रीला मांडलेले दिसतात. घरासाठी डोंगराची कूस कापायची, पुढे अंगण करायचे आणि मागे मातीची उघडी दरड तशीच सोडून द्यायची, हा प्रकार आपल्याकडे वाढत गेला आणि त्याबरोबर या गवताची मागणीही वाढली, असे मला वाटते. फोंडा तालुक्यातील आमच्या घरामागेही असाच उतार आहे. वरच्या अंगाला काजूचे जुने भाट (बाग), मध्ये जांभ्याची तांबडी माती आणि पायथ्याशी विहीर. पावसाळ्यात वरून उतरणारे पाणी ही माती थेट विहिरीच्या कठड्यापर्यंत आणून टाकत असे. तेवढ्यासाठी डिचोली तालुक्यातील एका खासगी रोपवाटिकेकडून वाळ्याचे सुटे ठोंब आणि पिशवीत वाढवलेली रोपे असा दोन्ही प्रकारचा माल घेतला. एकाहून अधिक पावसाळे तो उतारावर पाहिल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. रोपवाटिकेचे नाव मी देत नाही, कारण पुढे काही तक्रारी नोंदवायच्या आहेत, आणि हाच माल याच स्वरूपात इतर ठिकाणीही विकला जातो. घेणाऱ्याला उपयोग व्हायचा तो माल पारखण्याच्या निकषांचा.

प्रथम हे गवत काय आहे ते पाहू, कारण विक्रेत्यांच्या पत्रकांत नेमका हाच भाग सर्वांत तोकडा असतो. वाळा हे मुळात आपल्या देशाचे गवत आहे. लिनियसने १७७१ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. पुढे ते दीर्घकाळ व्हेटिव्हेरिया झिझानिऑयडीस या नावाने ओळखले गेले आणि आता त्याची गणना क्रायसोपोगॉन या प्रजातीत होते. ऊस, ज्वारी आणि गवती चहा हे त्याचे जवळचे नातेवाईक. त्याचा झुबका घट्ट आणि ताठ असतो, पाती दीड मीटरपर्यंत वाढतात, आणि हरळीसारखे धावते खोड त्याला नसल्यामुळे जिथे लावावे तिथेच तो राहतो. मुळांची ठेवण तर सर्वस्वी वेगळी आहे. बहुतेक गवतांची मुळे वरच्या वीतभर मातीत जाळे विणतात, तर वाळ्याची मुळे बाजूला फारशी न जाता सरळ खाली उतरतात आणि चांगल्या जमिनीत पहिल्या वर्षभरातच तीन मीटरपर्यंत पोचू शकतात. मलेशियात १९९० च्या दशकात या मुळांच्या ताणशक्तीची मोजमापे झाली, तेव्हा सरासरी सुमारे ७५ मेगापास्कल असा आकडा आला. साध्या पोलादाच्या ताणशक्तीचा हा साधारण सहावा हिस्सा होतो, आणि दोऱ्याइतक्या जाडीच्या मुळासाठी तो निश्चितच मोठा आहे.

माती धरून ठेवण्यासाठी वाळा लावणे ही कल्पना कोणा एका संस्थेची नव्हे. म्हैसूरच्या परिसरातील शेतकरी शेताच्या बांधावर वाळ्याच्या ओळी पिढ्यान्‌पिढ्या राखत आले आहेत. फिजीमध्ये १९५० च्या दशकात उसाच्या उतारावरील शेतांत जॉन ग्रीनफील्ड यांनी त्याचा वापर केला. पुढे १९८० च्या दशकात ग्रीनफील्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ यांनी जागतिक बँकेच्या कामातून भारतात त्याचा पुन्हा प्रसार सुरू केला. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने या गवतावर स्वतंत्र अहवाल काढला, आणि थायलंडमध्ये राजे भूमिबोल यांनी १९९० च्या दशकात ते गावोगाव पोचवले. आपल्या अगदी जवळचे उदाहरण हवे असेल तर कोकण रेल्वेचे घ्यावे. मार्गालगतच्या कापलेल्या डोंगरांच्या सुरक्षेसाठी जी कामे तिने केली त्यांत जाळ्या आणि काँक्रीटच्या थरांबरोबर वाळ्याची लागवडही होती. तेव्हा विक्रेता एखादी नवलाची वस्तू विकतो आहे असे समजण्याचे कारण नाही, आणि त्याने तशी ती सांगितली तर भुलण्याचेही कारण नाही.

आता मालाकडे वळू. सुटे ठोंब पन्नासाच्या जुड्या करून, ओल्या गोणपाटात गुंडाळून आले. ठोंब म्हणजे जुन्या झुबक्यातून फोडून काढलेली दोन-तीन फुटव्यांची फोड; पाती वीतभर ठेवून छाटलेली आणि मुळे चार बोटांवर कापलेली. हे छाटणे योग्यच होते, कारण लांब पाने ठेवली तर नवी मुळे धरण्याआधीच ठोंब पाणी गमावून सुकतो. ठोंबाचा बुंधा जवळून पाहण्यासारखा असतो. पानांचे देठ एकमेकांवर चपटे बसलेले असतात, त्यामुळे बुंधा पंख्यासारखा दबलेला दिसतो. अंगठ्याने दाबला तर जिवंत ठोंब टणक लागतो आणि नखाने खरवडल्यावर आत पांढुरका-हिरवा रंग दिसतो. जो दबतो, तपकिरी दिसतो आणि आंबूस वास देतो तो आतून कुजलेला असतो, मग वरचे पान कितीही हिरवे असो. आमच्या जुड्यांत मधल्या बाजूचे थोडे ठोंब असे निघाले. गोणपाट घट्ट बांधून दोन-चार दिवस सावलीत ठेवलेल्या मालात हे होतेच, तरी पाठवणाऱ्याने जुडी उघडून पाहिली असती तर ते टळले असते.

याहून गंभीर बाब होती ती भेसळीची. एका जुडीत वाळ्याबरोबर गवती चहाचे ठोंब मिसळलेले आढळले. छाटलेल्या अवस्थेत दोन्ही सारखेच दिसतात, आणि मुद्दाम फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही. एकाच वाफ्याच्या कडेला दोन्ही लावलेले असले की फोड काढताना असे घडू शकते. मात्र उतारासाठी गवती चहा घेऊन चालत नाही, कारण त्याची मुळे उथळ असतात. ओळखण्याची रीत सोपी आहे. पान चुरगळावे, गवती चहाला लिंबासारखा वास लगेच येतो, तर वाळ्याच्या पानाला सुगंध नसतो, तो सगळा मुळात असतो. वाळ्याचे पान मधल्या शिरेवर दुमडलेले, कडक आणि कडेला खरखरीत लागते. माल उतरवून घेतानाच प्रत्येक जुडीतील एक-दोन पाने चुरगळून पाहावीत आणि शंका आली तर जुडी तिथल्या तिथे परत करावी, असे माझे सांगणे आहे.

पिशवीतील रोपे दर्जाने सरस होती, याबद्दल दुमत नाही. पिशवीच्या तळाशी पांढरी नवी मुळे दिसत होती, दोन-तीन नवे फुटवे आलेले होते, आणि लावल्यानंतर त्यांतले क्वचितच एखादे मेले. ठोंबाला चार रुपये आणि पिशवीला पंधरा रुपये असा भाव पडला. सगळीकडे पिशवीच लावायची म्हटले तर खर्च चौपट होतो आणि डोंगरावर ओझे चढवण्याची मजुरी वेगळी. म्हणून उतार जिथे तीव्र आहे आणि पाण्याचा लोट जिथून येतो तेवढ्या पट्ट्यात पिशवीतील रोपे, बाकी ओळीत सुटे ठोंब, अशी विभागणी मला हिशेबी वाटली. तीच मी इतरांना सुचवीन.

माझी सर्वांत मोठी तक्रार मालाविषयी नाही, ती मालाबरोबर आलेल्या छापील सूचनेविषयी आहे. दोन रोपांत एक फूट अंतर ठेवा, असे त्या कागदावर होते. बागेच्या कडेला शोभेसाठी झुबके लावायचे असतील तर फूटभर अंतर चालेल. पण माती अडवण्यासाठी वाळा लावायचा तर दोन ठोंबांत दहा ते पंधरा सेंटिमीटरपेक्षा अधिक अंतर ठेवून उपयोग नाही. वाळा माती अडवतो तो ओळीच्या सलगपणामुळे. शेजारचे झुबके एकमेकांना भिडले की ताठ काड्यांची एक सलग गाळणी तयार होते, वरून येणारे पाणी तिच्यामागे क्षणभर थबकते, पसरते, वेग हरवून बसते आणि वाहून आणलेला गाळ तिथेच टाकून पुढे जाते. झुबक्यांत फट राहिली तर सगळे पाणी त्या फटीतून जोराने निघते आणि जिथे पूर्वी साधी झीज होत होती तिथे घळ पडते. म्हणजे अंतर चुकले की गवत लावून नुकसान वाढवून घेतल्यासारखे होते. दहा मीटरच्या ओळीला दहा सेंटिमीटर अंतराने सुमारे शंभर ठोंब लागतात. फूटभर अंतराने जेमतेम तेहतीस. गिऱ्हाईक बिथरू नये म्हणून अंतर वाढवून सांगितले जाते की अज्ञानाने, ते मी ठरवू शकत नाही. पण 'वाळा लावला, तरी माती वाहिलीच' असे म्हणणारे जे लोक भेटतात त्यांच्यापैकी बहुतेकांच्या ओळी पाहिल्या की त्यांत हातभर फटी दिसतात, आणि दोष मात्र गवताला दिला जातो.

ओळ कशी धरायची याविषयीही त्या कागदावर एक अक्षर नव्हते. ओळ उतारावर आडवी आणि एकाच पातळीवर हवी. डोळ्याच्या अंदाजाने ही पातळी साधत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी पातळी काढतात तशी ती काढावी आणि खुंट्या ठोकून दोरी बांधावी. ओळ एका बाजूला कलली तर पाणी तिच्याकडेने धावत जाऊन शेवटच्या टोकाशी खड्डा पाडते. वरची ओळ आणि खालची ओळ यांच्या पातळीत एक ते दोन मीटरचा फरक ठेवावा. उतार जितका तीव्र तितका तो कमी. काजूच्या भाटात आडवे चर आधीच खणलेले असतील तर चराच्या खालच्या काठावर वाळ्याची ओळ छान बसते, चराची मातीही ढासळत नाही आणि चरात मुरणारे पाणी तिला मिळते.

वेळेच्या बाबतीत या रोपवाटिकेने निराश केले. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. वाळ्याचा ठोंब जमिनीत जायला हवा तो मिरगाच्या पहिल्या सरींनी माती भिजली की लगेच, म्हणजे मुसळधार पाऊस लागण्यापूर्वी त्याला मूळ धरायला अवधी मिळतो. आमचा माल जूनच्या सुरुवातीला येणार असे ठरले होते. प्रत्यक्षात तो आला तेव्हा पावसाने झोड उठवली होती आणि उतारावर पाय ठरत नव्हता. लावलेले ठोंब उपटून जाऊ नयेत म्हणून ओळींच्या वरच्या अंगाला माडाची चुडते आडवी टाकून खुंट्यांनी दाबून ठेवावी लागली. उपाय चांगला आहे आणि वेळेवर माल मिळालेल्यांनीही तो करावा, पण माल वेळेवर पोचला असता तर त्या कामाचा अर्धा खर्च वाचला असता. आगाऊ पैसे देताना पोचवण्याची तारीख पावतीवर लिहून घेणे, आणि शक्य असेल तर गाडी करून माल आपण स्वतः जाऊन आणणे, हे अधिक सुरक्षित आहे.

माणसांविषयी मात्र चांगलेच लिहिले पाहिजे. रोपवाटिकेत ठोंब फोडण्याचे काम करणारी एक वयस्क बाई होती. काजूच्या सावलीतही एक ओळ घेण्याचा आमचा विचार ऐकून तिने हातातले काम थांबवले आणि म्हणाली, "बाय, सावळेंत लावचो न्हय, मरतलो." छापील कागदावर नसलेली ही सर्वांत मोलाची सूचना होती. वाळ्याला भरपूर ऊन लागते. दाट सावलीत तो प्रथम विरळ होतो आणि मग झुबका मधूनच मरत जातो. काजू, फणस, आंबा यांच्या घेराखाली, किंवा कुळागरात पोफळींच्या दाटीत, तो लावणे म्हणजे पैसे मातीत घालणे आहे. जिथे सावली आहे तिथे चराच्या काठावर दुसरे काही योजावे, नाहीतर फांद्या छाटून ऊन येऊ द्यावे. विक्रीच्या टेबलाशी बसलेल्या माणसाने ही गोष्ट सांगितली नाही आणि ठोंब फोडणाऱ्या बाईने ती न विचारता सांगितली, हे त्या ठिकाणाचे खरे भूषण आहे. मालकांनी सूचनेचा कागद तिच्याकडून लिहवून घ्यावा, असे मी त्यांना कळवलेही आहे.

आमच्या जमिनीविषयी थोडे. जांभ्याची माती आम्लधर्मी असते, तिच्यात लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, आणि घातलेला स्फुरद (फॉस्फरस) ती बांधून ठेवते, त्यामुळे पिकाला तो सहज मिळत नाही. वाळा अशी माती इतर अनेक वनस्पतींपेक्षा चांगली सहन करतो, हे खरे आहे. सहन करणे आणि जोमाने वाढणे यांत मात्र फरक आहे. एका ओळीच्या चरीत कुजलेले शेणखत आणि थोडी रॉक फॉस्फेटची भुकटी मिसळली होती, दुसरी ओळ तशीच लावली होती. पहिल्या ओळीतले झुबके दिवाळीच्या सुमारास एकमेकांना भिडले, तर दुसरीतले पुढच्या पावसाळ्यापर्यंत भिडले नाहीत. पहिल्या वर्षी तणही काढले पाहिजे. ठोंब लहान असताना रानमोडी किंवा उंच वाढणारे गवत त्याच्यावर चढले तर तीही एक प्रकारची सावलीच ठरते. मेलेल्या ठोंबांच्या जागा त्याच पावसाळ्यात भरून काढाव्यात, म्हणून मागणी नोंदवताना दहातला एक ठोंब जादा धरावा.

पावसाळा संपला की पाती गुडघ्याच्या खालपर्यंत छाटावीत. त्याने फुटवे वाढतात आणि ओळ दाट होते. कोवळी पाती जनावरे खातात, जून झालेली खात नाहीत; ती माडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून घातली तर मार्च-एप्रिलच्या उन्हात ओल टिकते. सड्यावर आणि काजूच्या भाटांत उन्हाळ्यात वणवे लागतात त्यांचा विचार करता छाटणी आणखी महत्त्वाची ठरते. वाळ्याचा फुटवा मातीच्या पातळीखाली असल्यामुळे आगीनंतरही तो पुन्हा फुटतो, पण वाळलेल्या उंच पात्यांची ओळ घरामागे उभी ठेवणे शहाणपणाचे नाही.

परिणाम काय झाला, हे विचारले जाईल. पहिल्या पावसाळ्यात फारसा फरक नव्हता आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. दुसऱ्या पावसाळ्यात प्रत्येक ओळीच्या मागे तांबड्या गाळाचा पट्टा साचू लागला. त्यात काजूची पाने, बारीक खडे आणि वरच्या भाटातली काळसर माती थराथराने दिसते. वाळ्याचे एक वैशिष्ट्य असे की गाळ बुंध्यावर चढत गेला तरी तो गुदमरत नाही. वरच्या पेरांतून नवी मुळे काढतो आणि गाळाबरोबर उंच होत जातो, आणि अशाने उताराला हळूहळू पायऱ्या पडत जातात. विहिरीच्या कठड्याशी यंदा जी माती आली ती घमेल्याने भरण्याइतकीच होती; पूर्वी ती उचलायला माणसे लावावी लागत.

याबरोबर मर्यादाही स्पष्टपणे सांगायला हव्यात, कारण जाहिरातीत त्या नसतात. घरासाठी उभी कापलेली, भिंतीसारखी सरळ दरड वाळ्याने सावरत नाही. तिथे तळाशी पाणी निघायला भोके ठेवलेली चिऱ्यांची भिंत हवी आणि वाळा तिच्या वरच्या उतारावर हवा. मुळे जिथवर पोचतात त्याच्याही खालून डोंगराचा थर सरकत असेल तर कोणतेही गवत त्याला थांबवू शकत नाही; जमिनीला भेग पडली, झाडे कलली, भिंतीला पोट आले अशी लक्षणे दिसली तर रोपवाटिकेकडे न जाता स्थापत्य अभियंत्याला बोलवावे. छपराचे आणि रस्त्याचे पाणी आधी गटारात घ्यावे, ते उतारावर मोकळे सोडून वाळ्याच्या भरवशावर राहू नये. 'कुठेही जगतो' हे विक्रेत्याचे वाक्यही जपून घ्यावे. खारेपणा तो बऱ्यापैकी सहन करतो, म्हणून खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, आतल्या बांधावर त्याचा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. पण बाहेरच्या बांधाला भरतीचे पाणी रोज लागते, तिथले काम कांदळाचे आहे आणि ते त्याच्याकडेच राहू द्यावे.

मागणी करताना जातीविषयी जरूर विचारावे. वाळ्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. उत्तर भारतात रानात उगवणारा वाळा बी धरतो आणि त्या बियांपासून नवी रोपे उगवतात. दक्षिणेकडे लागवडीत असलेला वाळा जांभळट तुरा काढतो खरा, पण उगवणारे बी जवळपास धरतच नाही. बांधासाठी हाच दुसरा प्रकार हवा, म्हणजे शेजारच्या भातशेतीत तण म्हणून त्याची भीती राहत नाही. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने केएस-१, धारिणी, गुलाबी, केसरी, सिम-वृद्धी अशा सुधारित जातीही विकसित केल्या आहेत, पण त्यांच्या निवडीत तेलाचा विचार मोठा आहे. आमच्या विक्रेत्याला आपला माल कोणत्या जातीचा हे सांगता आले नाही, 'लोकल' एवढेच उत्तर मिळाले. आमच्या ओळींना तुरे आले, आसपास बियांचे एकही रोप उगवले नाही, यावरून माल योग्य प्रकारचा होता असे म्हणता येते. तरी ही माहिती विकत घेण्यापूर्वी मिळायला हवी होती.

रोपवाटिकेच्या पत्रकात शेवटी एक ओळ ठळक अक्षरांत होती: माती राखा आणि दीड वर्षाने मुळे विकून उत्पन्नही मिळवा. या ओळीला माझा ठाम विरोध आहे. वाळ्याच्या मुळांतून निघणाऱ्या तेलाला अत्तराच्या व्यवसायात मागणी आहे, हैती हा देश आणि जावा, रियुनियन ही बेटे यांचे नाव त्यासाठी जगभर घेतले जाते, आणि मुळे साधारण पंधरा ते अठरा महिन्यांनी काढणीला येतात, ही सगळी माहिती बरोबर आहे. पण मुळे काढायची म्हणजे सगळा झुबका खणून काढायचा आणि दोन-तीन फूट खोल माती उलथवायची. उतारावर असे केले की जी माती दोन पावसाळे अडवली ती तिसऱ्या पावसात सगळी खाली जाते. हैतीत डोंगरउतारावरील वाळ्याची मुळे खणण्याने जमिनीची धूप कशी वाढली, हे त्या देशाच्या अनुभवातून पुरेसे दिसले आहे. शिवाय तेलाचा उतारा मुळांच्या वजनाच्या साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी असतो, ऊर्ध्वपातन कित्येक तास चालते आणि जांभ्याच्या दगडाळ मातीतून मुळे अखंड निघतही नाहीत. ज्याला तेलासाठी वाळा करायचा आहे त्याने सपाट, वाळूसर, मोकळ्या जमिनीत वेगळी लागवड करावी. एकाच ओळीकडून दोन्ही कामे करून घेण्याचे आश्वासन देणे बेजबाबदारपणाचे आहे आणि ती ओळ पत्रकातून काढून टाकली पाहिजे.

त्याच ठिकाणी वाळ्याच्या सुक्या मुळांच्या जुड्याही मिळतात. माठाच्या पाण्यात घालायला एक घेतली. मुळे तारेसारखी बारीक, फिकट तपकिरी आणि मातीच्या गंधाची होती, धुतल्यावर रंग सुटला नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळणाऱ्या जुड्यांपेक्षा ती थोडी महाग पडली, पण ताजी होती.

विक्रीनंतरच्या वागण्याबद्दल बोलायचे तर कुजलेले आणि भेसळीचे ठोंब दाखवल्यावर त्यांनी वाद न घालता तितकेच बदलून दिले, मात्र नेण्या-आणण्याचा खर्च आमच्यावर ठेवला. ओळ आखून देण्याची सेवा ते देत नाहीत. ती दिली आणि तिचे रास्त पैसे घेतले तर लोक आनंदाने देतील, कारण ठोंबाच्या किमतीपेक्षा आखणीतल्या चुकीची किंमत कितीतरी मोठी असते. सल्ला हवा असेल तर आपल्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुन्या गोव्यातील आणि मडगावातील कृषी विज्ञान केंद्रांत जाऊन विचारावे.

एकंदरीत पिशवीतील रोपांसाठी मी या रोपवाटिकेची शिफारस करते, सुट्या ठोंबांसाठी स्वतः उभे राहून जुड्या तपासण्याची तयारी असेल तरच करते, आणि त्यांच्या छापील सूचनांवर मुळीच विसंबू नये असे सांगते. मोठी मागणी एकदम नोंदवण्याची गरजही नाही. पहिल्या वर्षी उताराच्या वरच्या बाजूला एक-दोन ओळी विकतच्या रोपांनी दाट लावाव्यात आणि त्याबरोबरच परसात उन्हाच्या, सपाट जागी थोडे ठोंब वेगळे वाढवावेत. त्यांची फोड करून पुढच्या मिरगाला खालच्या ओळी घरच्या मालावर पूर्ण करता येतात. आमच्या शेवटच्या दोन ओळी अशाच घरच्या ठोंबांच्या आहेत, आणि सकाळी फोडून दुपारच्या आत लावल्यामुळे त्यांत कुजलेला एकही निघाला नाही.